गावची बंद रेल्वे पुन्हा चालवायची तर: आधी पाणी, मग रूळ, शेवटी इंजिन

गावाजवळची बंद पडलेली लाईन पुन्हा सुरू करायची म्हणून जो कोणी माझ्याकडे येतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "इंजिन कुठं मिळेल?" मी त्याला विचारतो, "आषाढात तुमच्या लाईनवर पाणी कुठून येतं आणि कुठं जातं?" ज्याला हे सांगता येतं, त्याची गाडी पुढं कधीतरी धावते. बाकीच्यांचं इंजिन वडाखाली गंजत पडतं, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत.

मी रेल्वेच्या पर्मनंट वे विभागात, म्हणजे रूळ, त्यांखालचे आडवे स्लीपर आणि खडी यांच्या देखभालीत नोकरी केली. निवृत्त होऊन गावी आलो आणि गेली काही वर्षं आमच्या खाडीकाठच्या जुन्या दोन फुटी (दोन रुळांत दोन फूट अंतर असलेल्या) लाईनवर गावकऱ्यांबरोबर राबतो आहे. धक्क्यापासून दगडाच्या खाणीपर्यंत साडेतीन किलोमीटरचा हा मार्ग. खाण बंद पडली, मचव्यांतून होणारी दगडाची वाहतूक थांबली आणि लाईन घाणेरीच्या झुडपांखाली गेली. आज तिच्यातले सहाशे मीटर चालते आहेत. त्या सहाशे मीटरांनी आम्हाला जे शिकवलं ते इथं क्रमानं लिहितो. तुमची लाईन खाणीची असो, बंदराची असो वा मिठागराची, कोकणातला पाऊस आणि खारा वारा सगळ्यांना सारखाच.

हे होतं का?

होतं. वेल्समधली टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीची २ फूट ३ इंची लाईन. खाण १९४६ मध्ये बंद झाली, मालक १९५० मध्ये वारले. त्याच वर्षी काही लोकांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर गाडी चालवून दाखवली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे. त्यांनी पहिल्या दिवशी सगळी लाईन उघडली नव्हती. जेवढा भाग भरवशाचा होता तेवढ्यावरच गाडी नेली. इंग्लंडमधली लिंटन अँड बार्नस्टेपल लाईन १९३५ मध्ये बंद झाली, रूळ उखडून विकले गेले, आणि तिचा एक छोटासा तुकडा पुन्हा सुरू व्हायला २००४ साल उजाडलं. रूळ जागेवर असणं आणि नसणं यात किती फरक पडतो, ते या दोन उदाहरणांवरून कळतं. म्हणून तुमच्या लाईनचे रूळ अजून जमिनीत असतील तर पहिलं काम एकच: ते भंगारात जाऊ देऊ नका.

आपल्या देशात मध्य प्रदेशातला पातालपानी ते कालाकुंड हा मीटरगेजचा घाट डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडीसाठी वापरला जातो. आणि आपल्या घरचं उदाहरण नेरळ-माथेरानचं. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली ही दोन फुटी लाईन १९०७ मध्ये सुरू झाली. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत ती वाहून गेली, २००७ मध्ये परत आली. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे थांबली. २०१९ च्या पावसानं पुन्हा मोडली. या शेवटच्या दोन्ही खेपांना दुरुस्तीनंतर आधी अमन लॉज ते माथेरान हा वरचा छोटा टप्पा चालू झाला आणि खालचा घाट मागाहून. २०१९ नंतर तर तो थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. शंभर वर्षं चाललेली, सरकारी यंत्रणा पाठीशी असलेली लाईन पावसापुढं अशी थांबते, तर आपण पाण्याचा विचार सगळ्यात आधी करायला हवा.

पहिली फेरी: पावसात, छत्री आणि वही घेऊन

सर्वसाधारणपणे लोक लाईन बघायला जानेवारीत जातात. गवत वाळलेलं असतं, ऊन सौम्य असतं, फोटो छान येतात. तुम्ही जुलैत जा. दोन-तीन दिवस संततधार लागलेली असावी. बरोबर दोन माणसं, वीस मीटरची दोरी, रंगाचा डबा, काठी आणि भिजणार नाही अशी वही. धक्क्याकडच्या टोकाला शून्य धरा, दर वीस मीटरला खूण करा आणि प्रत्येक खुणेपाशी चार गोष्टी लिहा: पाणी कुठल्या बाजूनं येतं, लाईनवर साचतं की ओलांडून जातं, त्याचा रंग कसा आहे, आणि पायाखाली जमीन घट्ट आहे की दबते.

रंगाला फार महत्त्व आहे. नितळ पाणी झऱ्याचं, त्याला वाट करून दिली की झालं. तांबडं गढूळ पाणी म्हणजे वर कुठंतरी जांभ्याची माती सुटते आहे. दुधाळ, पांढुरकं पाणी दिसलं तर तिथं थांबा. जांभ्याच्या थराखाली अनेक ठिकाणी पांढरट, हाताला साबणासारखी लागणारी चिकणमाती असते. वरचा जांभा उभ्या भिंतीसारखा वर्षानुवर्षं टिकतो, पण खालची ही माती भिजली की अख्खा कडा पुढं सरकतो. कटिंगच्या, म्हणजे लाईनसाठी कापलेल्या डोंगराच्या, पायथ्याशी पांढरं पाणी झिरपत असेल, तर त्या जागेवर लाल रंगानं खूण करून जाणकार अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढचं नियोजन करू नका.

दुसरी फेरी जानेवारीत. तेव्हा रूळ, मोऱ्या, अतिक्रमणं सगळं दिसतं. आमच्या वहीत या फेरीत एक गोठा, दोन पाणंदी, एक मासळी वाळवायचं खळं आणि रुळांच्या बरोबर मध्ये वाढलेला, तीस-एक वर्षांचा आईनाचा वृक्ष नोंदला गेला. आईन आम्ही तोडला नाही. आमचा पहिला टप्पा त्याच्या अलीकडे संपतो.

जमीन कोणाची?

या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आम्हाला दोन वर्षं लागली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

मार्गावरच्या प्रत्येक गट नंबरचा सातबारा काढा, जुने फेरफार काढा, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या. लाईन नकाशावर वेगळी दाखवलेली असेल तर तुम्ही भाग्यवान. बहुतेक वेळा तुकडे निघतात. धक्क्याजवळची जागा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मधला पट्टा वनखात्याकडे, काही भाग खाणीच्या संपलेल्या भाडेपट्ट्यात आणि उरलेला खाजगी. मिठागराची लाईन असेल तर केंद्राच्या मीठ विभागाकडेही विचारणा करावी लागते. ज्या कार्यालयाकडून तोंडी उत्तर मिळत नाही, तिथं माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात एकच नेमका प्रश्न विचारा: अमुक गटातून जाणाऱ्या पट्ट्याचा आजचा धारक कोण आणि कोणत्या आदेशानं?

खाजगी जागेत कोकणची जुनी अडचण आहेच: सामायिक सातबारा. एका गुंठ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. पत्रं पाठवून हे सुटत नाही. शिमग्याला आणि गणपतीत चाकरमानी घरी येतात, तेव्हा घरोघरी जाऊन बसा. जमीन विकत मागू नका. पट्टा वापरायची लेखी, नोंदणीकृत संमती मागा, मुदत घाला आणि मालकी त्यांचीच राहील हे कागदावर पहिल्या ओळीत लिहा. आमच्याकडे एका वृद्ध काकींनी सही करण्यापूर्वी एवढंच विचारलं, "माझ्या आंब्याखालून जाताना गाडी हळू नेशील ना रे?" ते वाक्य आम्ही करारात अटीसारखं घातलं.

जमिनीचा धडा विदर्भातल्या शकुंतला रेल्वेकडूनही घ्यावा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही लाईन खाजगी कंपनीच्या मालकीची आणि गाडी चालवत होती रेल्वे. गाडी लोकांच्या मनात कितीही घर करून असली, तरी मालक एक आणि चालवणारा दुसरा असला की तिच्यावर खर्च कोणी करायचा हा प्रश्न सुटत नाही.

बाकीचे कागद थोडक्यात. ग्रामसभेचा ठराव घ्या, तोही गाव भरलेलं असताना. संस्था नोंदवा, सात जण मिळून १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, हा कोकणात सगळ्यांना माहीत असलेला रस्ता आहे. खाडीकाठची लाईन सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येते, म्हणून कुदळ मारण्यापूर्वी भरतीरेषेचा अधिकृत नकाशा पाहा. कांदळवनाला हात लावू नका. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामालाही कांदळवन तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. तिवरांनी लाईन गिळली असेल तर तो तुकडा सोडून द्या. वनखात्याच्या पट्ट्यासाठी १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, तेव्हा पहिला टप्पा वनजमिनीबाहेर निवडा.

आता रेल्वेचा कायदा. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात 'रेल्वे' या शब्दाची व्याख्या देताना दोन गोष्टी वगळल्या आहेत: पालिका हद्दीतली ट्रामवे, आणि प्रदर्शनाच्या मैदानात, जत्रेत, बागेत किंवा अन्य ठिकाणी निव्वळ करमणुकीसाठी टाकलेले रूळ. तुमची छोटी लाईन दुसऱ्या प्रकारात बसते की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बसत असेल तर परवानग्या जिल्हा प्रशासनाच्या पातळीवर राहतात. बसत नसेल, म्हणजे तुम्ही गावाहून बाजाराला माणसं नेणार असाल, तर प्रवासी वाहतूक सुरू करण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि केंद्राची मंजुरी हा वेगळाच डोंगर आहे. हा निर्णय स्वतः करू नका, वकिलाचं लेखी मत घ्या आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाला जोडा. माझं मत विचाराल तर कायद्यात बसलं म्हणून सुरक्षेचे नियम सैल करू नयेत. जत्रेतले रूळ असोत वा राजधानी एक्सप्रेसचे, घसरलेल्या डब्याखाली सापडलेला पाय सारखाच मोडतो.

पाणी

पहिल्या वर्षी आम्ही मोठी चूक केली. उत्साहाच्या भरात एप्रिल-मे महिन्यात सगळी लाईन साफ केली. घाणेरी, रानमोडी, झुडपं मुळासकट उपटली. भराव उघडा, तांबडा, देखणा दिसत होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत बारा मीटर भराव खाली शेतात गेला. रूळ शिडीसारखे हवेत लोंबत राहिले. खाली ज्यांचं भाताचं रोप होतं त्यांच्याकडे आम्ही सगळे गेलो, माफी मागितली, माती उपसून दिली आणि रोप विकत आणून लावून दिलं. त्या झुडपांच्या मुळांनीच इतकी वर्षं भराव धरून ठेवला होता.

तेव्हापासूनचा नियम: सफाई दिवाळीनंतर करायची, कोयत्यानं जमिनीलगत कापायचं, मुळं तशीच ठेवायची. फक्त रुळांमधली आणि गटारातली मुळं काढायची. उतारावर वाळा लावायचा. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

पाण्याचं काम वरून खाली करा. कटिंगच्या माथ्यावर, कड्यापासून थोडं मागे, डोंगराचं पाणी अडवून बाजूला नेणारं चर असतं. जुन्या लाईनींवर ते हमखास असतं आणि हमखास बुजलेलं असतं. ते आधी शोधा. आमचं चर पाचोळ्याच्या हातभर थराखाली सापडलं. दगडी, फरसबंद, अगदी शाबूत. ते मोकळं केल्यावर त्या वर्षी कटिंगमध्ये उतरणारं पाणी डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं. त्यानंतर रुळांच्या बाजूची गटारं. गटाराचा तळ खडीच्या तळापेक्षा खाली हवा, नाहीतर खडी भिजत राहते. मग मोऱ्यांची तोंडं, आणि शेवटी मोरीतून बाहेर पडणारं पाणी कुठं जातं ते. पाणी दुसऱ्याच्या भाताच्या कुणग्यात सोडून लाईन कोरडी ठेवली तर गाव तुमच्या विरोधात जाईल, आणि त्यात गावाचं काही चुकणार नाही.

ही कामं करून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. त्या पावसाळ्यात रूळ-स्लीपरला हात लावू नका. पुन्हा वही घेऊन फिरा आणि गेल्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहा. ज्या जागा दोन्ही वर्षी ओल्या, त्यांचा इलाज झाल्याशिवाय त्यावर खडी टाकणं म्हणजे पैसे चिखलात घालणं.

रूळ, स्लीपर, खडी

हिशोब आधी मांडा. दोन फुटी लाईनला जुने ३० पौंडी रूळ असतात, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. एका किलोमीटरला दोन्ही बाजूंचे मिळून ३० टन लोखंड. स्लीपर पाऊण मीटरच्या अंतरानं धरले तर किलोमीटरला तेराशेच्या वर. स्लीपरखाली सहा इंच खडी धरली तर दीडशे ब्रासच्या आसपास. हे आकडे गावसभेत फळ्यावर लिहा. लोक एक किलोमीटरवर समाधानी व्हायला शिकतात.

रुळाची ओळख त्याच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या भागावर असते. तारेच्या ब्रशनं गंज घासा, कारखान्याचं नाव, वजन आणि वर्ष उठावदार अक्षरांत दिसतं. त्याचा फोटो नोंदवहीत लावा, कारण वारसा म्हणून लाईनचं मोल सांगताना हा पुरावा कामी येतो. रुळाचं डोकं कितीही चांगलं दिसलं तरी फसू नका. किनाऱ्यावर रूळ खालून मरतो. खारी ओल रुळाच्या पायथ्याशी आणि फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, आत बसते. व्हर्नियरनं पायथ्याची जाडी दर दोन मीटरवर मोजा. कड सुरीसारखी धारदार झाली असेल तर तो रूळ कुंपणाला वापरा, गाडीखाली नको.

फिशप्लेट तर प्रत्येक खोलायचीच. बोल्ट फिरत नसतील तर उंडीचं किंवा कुठलंही पातळ तेल सोडून दोन दिवस थांबा, मग पाना लावा. प्लेट निघाल्यावर रुळाचं टोक घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि त्यावर खडूची भुकटी पाण्यात कालवून पातळ थर द्या. थर वाळला की हातोडीनं हलके ठोके द्या. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. बहुतेक वेळा ती टोकाकडच्या पहिल्या बोल्टच्या भोकातून तिरकी निघते. मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या कीमननं, म्हणजे रोज चालत रूळ तपासणाऱ्या माणसानं, हे शिकवलं होतं. आमच्या लाईनवर पहिल्या दिवशी अशा दोन रेघा सापडल्या, तेव्हा आयटीआयची पोरं गुडघ्यावर बसून गप्प होऊन बघत राहिली. भेगाळलेलं टोक कापून टाकायचं, वेल्डिंगनं भरायचं नाही.

जोडाच्या फटीचाही हिशोब आहे. दहा मीटरचा रूळ तीस अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटर वाढतो. पहाटेच्या गारव्यात टोकं एकमेकांना भिडवून ठेवलीत तर मे महिन्यातल्या दुपारी लाईन सापासारखी वळेल.

स्लीपर लाकडी असतील तर प्रत्येकावर हातोडी मारून ऐका. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं भद्द आवाज करतं. शंका आली तर टोकदार सळई खुपसा. सगळे एकदम बदलायला पैसे नसतात, म्हणून आमचे दोन नियम: जोडाखालचा स्लीपर खराब चालणार नाही आणि शेजारी-शेजारी दोन खराब चालणार नाहीत. आईनाचं लाकूड वाळवून, डांबरतेलात मुरवून वापरता येतं. जुन्या खिळ्यांची भोकं डांबरात बुडवलेल्या लाकडी खुंट्या ठोकून बुजवा आणि खिळा नव्या जागी मारा. लोखंडी स्लीपर खाऱ्या हवेत आतून पोकळ होतात, ते उलटे करून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

खडी काळ्या दगडाचीच हवी. हा वाद आमच्याकडेही झाला, कारण जांभा दाराशी आणि स्वस्त. जांभ्यानं घर उत्तम होतं, पण गाडीच्या दणक्यांखाली त्याचा भुगा होतो, भुग्याचा चिखल होतो आणि पाणी अडतं. खडी कोनेदार, धूळ नसलेली घ्या, स्लीपरखाली बीटरनं (खडी ठासायच्या हत्यारानं) पॅकिंग करा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ते सगळं पुन्हा करावं लागेल असं गृहीत धरा. गेज पट्टीनं दर स्लीपरला माप घ्या: ६१० मिलिमीटर. वळणावर किंचित सैल चालतं, घट्ट कुठंच चालत नाही.

मोऱ्या

दगडी कमानीच्या मोऱ्या पाडून सिमेंटचे पाईप टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. जुनी कमान चुन्यात बांधलेली असते आणि चुन्यातच दुरुस्त करायची असते. सिमेंटचा घट्ट लेप दिला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगड फुटतो. पायाखालची माती पाण्यानं कोरून नेली आहे का, ते मात्र उकिडवं बसून हात घालून पाहा. पाया उघडा असेल तर आधी त्याला दगडांचा आधार. भार पेलण्याचा दाखला परवानाधारक स्ट्रक्चरल अभियंत्याचाच हवा.

गाडी

पहिलं वर्षभर फक्त हातट्रॉली चालवा. चार माणसांनी ढकलायची, दोघांनी बसून लाईन बघत जायची. ट्रॉली जिथं हेलकावे खाते तिथं पॅकिंग सैल आहे. ट्रॉलीवर आम्ही आधी वाळूची पोती लादली, माणसं नंतर बसली.

इंजिन घ्यायची वेळ आली की वाफेचा मोह आवरा. सुरुवात खाणीत किंवा साखर कारखान्यात वापरलेल्या छोट्या डिझेल इंजिनापासून करा. ते दुरुस्त करणारे मेकॅनिक तालुक्याला मिळतात. वाफेच्या इंजिनाचा बाष्पक म्हणजे बंद डब्यात कोंडलेली ताकद. त्याला बाष्पके संचालनालयाचा दाखला, प्रमाणित माणूस आणि गोडं पाणी लागतं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी बाष्पक खाऊन टाकतं. दहा वर्षं लाईन नीट चालवलीत की वाफेचा विचार जरूर करा, मलाही ते स्वप्न आहे.

वजन हलकं ठेवा. आपल्याच राज्यात एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानं बार्शी लाईट रेल्वे उभारताना कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये अशी सगळी गाडी बेतली. १८९७ मध्ये सुरू झालेली ती लाईन हलक्या रुळांवर जड काम करत राहिली, ती या शहाणपणामुळे. तुमचे रूळ झिजलेले आहेत, तेव्हा त्याहूनही हलकं.

डबे बांधायला होडी बांधणाऱ्या सुतारांना बोलवा. वळणदार फळी पाण्यात टिकवायचं ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमच्या पहिल्या डब्याची चौकट सागाची आणि बाकं फणसाची आहेत.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. १८८९ मध्ये आयर्लंडमध्ये आर्मा इथं चढावर अडकलेल्या गाडीचे मागचे डबे सोडवून ठेवले, ते उतारावरून मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसं गेली, त्यात मुलं खूप होती. त्यानंतर तिथं कायद्यानंच प्रवासी गाड्यांच्या प्रत्येक डब्याला, तुटला तर आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. तुमच्या लाईनला थोडाही उतार असेल तर हीच अट स्वतःवर घाला, आणि इंजिन नेहमी उताराच्या बाजूला जोडा.

माणसं

निवृत्त गँगमन, कीमन, एसटीतले मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांना बोलावणं गेलं की ते येतात. खारवी आणि गाबीत समाजातली मंडळी दोर, कप्पी, जड वस्तू हलवणं यात कोणाही अभियंत्यापेक्षा तरबेज असतात. भराव गेल्यावर लोंबणारे आमचे रूळ त्यांनीच दोन दुपारींत वर ओढले. आयटीआयच्या फिटर-वेल्डर मुलांना कामाचा दाखला द्या. स्टेशनवरचं खानपान बचत गटाकडे सोपवा आणि त्याच्या पैशात संस्थेनं हात घालू नये.

तिकिटाच्या पैशातून रोजचं डिझेल आणि तेल निघेल, स्लीपर बदलण्याचा खर्च निघणार नाही. तो देणग्यांतून आणि श्रमदानातूनच उभा करावा लागतो. हे पहिल्याच सभेत सांगा.

चालवताना

एका वेळी लाईनवर एकच गाडी. हा नियम तोंडी ठेवू नका. एक लाकडी दांडा बनवा, त्यावर लाईनचं नाव कोरा. दांडा ज्याच्या हातात तोच गाडी हलवणार. एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला लोखंडी गोळा देत असे, त्यामागचं तत्त्व हेच. वेग ताशी आठ-दहा किलोमीटर पुरे. रोज पहिल्या फेरीआधी एका माणसानं पाना आणि हातोडी घेऊन सगळी लाईन चालत पाहायची आणि वहीत वेळ घालून सही करायची. सही नाही तर गाडी नाही, मग रांगेत आमदार उभे असोत वा शाळेची सहल. पाणंदीपाशी गाडी थांबवून, माणसानं उतरून, झेंडा दाखवून मगच पुढं जायचं. विम्याशिवाय एकही प्रवासी बसवू नका.

हंगाम दिवाळी ते मे अखेर. गणपतीत गाव भरलेलं असतं आणि "यंदा तरी चालवा" असा आग्रह होतो, पण तेव्हा भराव वर्षातला सगळ्यात जास्त भिजलेला असतो. कोकण रेल्वेसारखी ७४१ किलोमीटरची, अभियंत्यांची आणि गस्तीची फौज असलेली लाईनसुद्धा पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावून वेग कमी करते. आपण गणपतीत डबा फुलांनी सजवून स्टेशनात उभा ठेवतो, मुलं त्यात बसून आरत्या म्हणतात. चाकं हलत नाहीत.

आगोट

मे संपता संपता घर शाकारतो तशी लाईन शाकारायची. शेवटच्या फेरीनंतर प्रत्येक फिशप्लेटला ग्रीस, रुळाच्या पायथ्याला डांबराचा हात, इंजिनाच्या नळीला झाकण. डबे शेडमध्ये जॅकवर उचलून चाकं जमिनीपासून सुटी. दांडा कुलपात, किल्ल्या दोघांकडे. माथ्यावरचं चर, बाजूची गटारं, मोऱ्यांची तोंडं मृगाच्या आधी मोकळी. कटिंगमधले सैल धोंडे पहारेनं आपणच खाली घ्यायचे, पावसानं घेण्याची वाट पाहायची नाही. लाल खुणेच्या जागांपाशी बांबूच्या खुंट्या एका रेषेत ठोकून ठेवायच्या. रेष वाकडी झाली की कडा सरकतो आहे. आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी दोघांनी वही घेऊन शून्याच्या खुणेपासून निघायचं.